नसलेल्या बागेचे ऐंशी माळी

जुलै २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात शनिशिंगणापूरच्या देवस्थानावर विधानसभेत चर्चा झाली. उत्तर देताना मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी चौकशी अहवालातले काही आकडे वाचून दाखवले. १५ खाटांच्या रुग्णालयाच्या नावावर ३२७ कर्मचारी. १०९ खोल्यांच्या भक्तनिवासासाठी २०० कर्मचारी. आणि बागेची देखभाल करायला ८० माणसे. बाग मात्र अस्तित्वातच नाही. असे करत करत कागदावरच्या बोगस कर्मचाऱ्यांची संख्या २,४०० च्या पुढे गेल्याचे सभागृहाला सांगण्यात आले. बनावट ॲप काढून भाविकांचे पैसे लुबाडल्याचे प्रकरणही त्याच चर्चेत निघाले आणि दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत तेच गाजले. बाग मागे पडली.

आम्हाला मात्र त्या बागेने अडवून ठेवले आहे. पोलिस तपास, न्यायालय, जबाबदारी कोणाची हे सगळे आपापल्या गतीने होईल. देवस्थानचा कारभार जुन्या विश्वस्तांकडे राहावा की सरकारच्या प्रशासकाकडे, हा वादही पुढे उच्च न्यायालयात गेला. त्यात आम्ही इथे शिरत नाही. एक साधा हिशेब तेवढा करून बघू.

एक कर्मचारी वर्षाचे ३६५ दिवस कामावर येत नाही. ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा करा, रजा आणि सणवार मिळून आणखी ३० दिवस वजा करा. उरतात २८३ दिवस. म्हणजे ८० माळी नेमले तर रोज सरासरी ६२ जण बागेत हजर पाहिजेत. हिशेबापुरते धरू की एक माळी अर्धा एकर राखतो. मग ही बाग ३१ एकरांची झाली. दादरचे शिवाजी पार्क साधारण २८ एकरांचे आहे. नेवासे तालुक्यात, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत, तिथे शिवाजी पार्कपेक्षा मोठी हिरवी बाग असती तर घोडेगावच्या फाट्यावरून येणाऱ्या प्रत्येक भाविकाने तिच्यात बसून डबा खाल्ला असता. शेजारच्या गावांतली पोरे तिथे खेळायला आली असती. हजारो लोक रोज त्या जागेवरून गेले आणि बाग नाही हे प्रत्येकाला दिसत होते. तिच्यासाठी ८० पगार निघतात हे मात्र त्यांच्यापैकी कोणालाच दिसायची सोय नव्हती. घरांना दारे नाहीत म्हणून जगभर नाव झालेल्या गावात पगारपत्रक तेवढे कडीकुलपात होते.

आता याच्या एक महिना आधीची बातमी आठवा. जून २०२५ मध्ये याच देवस्थानने १६७ कर्मचाऱ्यांना कामावरून काढले. त्यातले ११४ मुस्लिम होते. त्याआधी चौथऱ्याजवळ मुस्लिम कामगार काम करत असल्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरली होती. हिंदुत्ववादी संघटनांनी मोर्चाची तारीख दिली होती. मोर्चाच्या तोंडावर कारवाई झाली. गैरहजेरी आणि बेशिस्त हे कारण देवस्थानने दिले, धर्माचा संबंध नाकारला. काढलेल्यांपैकी बरेच जण शेती आणि कचरा व्यवस्थापनासारख्या विभागांतले होते, मंदिराच्या गाभ्याशी ज्यांचा संबंध येत नाही असे.

त्या वेळी आपल्याकडेही चर्चा झाली आणि ती बहुतेक 'देवळात मुसलमान असावा की नसावा' या वळणावर गेली. आमच्याही काही तरुण मित्रांनी 'देऊळ त्यांचे, भांडण त्यांचे, आपल्याला काय' असे लिहिले. महिन्याभराने बोगस कर्मचाऱ्यांची बातमी आली तेव्हा तेच मित्र हसले, पुढे गेले. या दोन बातम्या शेजारी ठेवून फार कोणी वाचल्या नाहीत. त्या एकाच पगारपत्रकाच्या बातम्या आहेत. ज्या यादीत नसलेल्या बागेचे माळी मावतात, त्याच यादीतून खरोखरीचा झाडूवाला एका आठवड्यात गळतो. दोन्ही गोष्टी शक्य होतात, कारण कुठल्या कामाला किती माणसे लागतात, कोणत्या पदावर कोण आहे, तो कुठे आणि किती वाजता हजर असतो, हे कोणीही जाहीर मांडलेले नसते. पदच ठरलेले नसेल तर ते भरणेही मर्जीचे आणि रिकामे करणेही मर्जीचे.

एखादा कर्मचारी पाच महिने कामावर आला नसेल तर त्याला काढू नये असे आमचे म्हणणे नाही. नोटीस द्या, खुलासा मागवा, चौकशी करा, एकेकाचा निर्णय करा. पण मग गैरहजेरीचा निकष दोन हजारांवर नावांना लावायला हवा होता. कागदावर राहून कधीच कामावर न आलेल्यांपेक्षा मोठा गैरहजर कोण? तो निकष आधी १६७ जणांवर चालला, आणि त्या १६७ मध्ये दर तिघांतले दोघे एका धर्माचे निघाले. याचा अर्थ लावायला फार बुद्धी लागत नाही.

हा तालुका आपल्या वाचकांना वेगळ्या कारणाने माहीत आहे. १ जानेवारी २०१३ रोजी शिंगणापूरपासून काही किलोमीटरवरच्या सोनईत मेहतर समाजातल्या तीन सफाई कामगार तरुणांची हत्या झाली. शौचालयाची टाकी साफ करायची आहे असे सांगून त्यांना बोलावले होते. २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. त्या प्रकरणाचे कारण वेगळे होते आणि आम्ही त्याची देवस्थानच्या कारभाराशी सांगड घालत नाही. एवढेच म्हणतो की या भागात झाडू, टाकी, कचरा आणि बाग या कामांवर कोण जातो आणि त्याचा जीव किती स्वस्त धरला जातो, हा प्रश्न आपल्यासाठी 'त्यांचे भांडण' कधीच नव्हता.

देवळाची बाग ही सार्वजनिक बाब कशी, असे कोणी विचारेल. शिंगणापूर हे खेडे आहे. तिथे महापालिका नाही, उद्यान विभाग नाही, उद्यान अधीक्षक नाही. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांची १८ कामे दिली आहेत, त्यात बागा, उद्याने, क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अकराव्या अनुसूचीत पंचायतींची २९ कामे आहेत. त्यात वाचनालये आहेत, सांस्कृतिक कार्य आहे, बाजार आणि जत्राही आहेत. बाग आणि मैदान हा वेगळा विषय म्हणून नाही. जणू खेड्यातल्या माणसाला शेत आहे म्हणजे बाग कशाला! ज्याला शेत नाही त्याचा विचार या यादीत झालेला दिसत नाही. शहरातही फार वेगळे नाही. महापालिका कायद्यांत पाणी, गटारे, रस्ते ही बंधनकारक कामे आहेत; बागा आणि क्रीडांगणे ऐच्छिक कामांत मोडतात. पैसा कमी पडला की ऐच्छिकावर आधी कात्री चालते.

मग शिंगणापूरसारख्या गावी पार्किंग, पाणी, दवाखाना, मुक्काम, झाडे, बसायची जागा हे सगळे देवस्थान पाहते. नाव ट्रस्टचे आणि काम नगरपालिकेचे. शिर्डीलाही मोठा भाग तसाच चालतो. या देवस्थानसाठी विधिमंडळाने २०१८ मध्ये स्वतंत्र कायदा केला, तो उगाच नाही. घटनेचे कलम १५(२) वाचून पाहा. दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, घाट, रस्ते याबरोबर लोकांच्या वावराच्या जागाही त्यात आल्या आहेत. सरकारी पैशाने चालणाऱ्या जागा तर आहेतच, शिवाय सर्वसामान्य जनतेच्या वापरासाठी वाहिलेल्या जागाही. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जी गोष्ट बाबासाहेबांनी कृतीने मांडली, तीच इथे कलमाच्या भाषेत आहे. ती फक्त पाणी पिण्याच्या हक्कापुरती नाही. बसण्याचा, फिरण्याचा, खेळण्याचा हक्कही त्यात आहे.

बाग कोण चालवतो यावर हा हक्क कसा फिरतो याचे उदाहरण अमेरिकेत आहे. मॉन्टगोमेरी हे शहर आपल्याला १९५५-५६ च्या बस बहिष्कारामुळे आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यामुळे ठाऊक आहे. त्याची पुढची गोष्ट कमी लोकांना माहीत असते. काळ्या नागरिकांनी बागा सर्वांना खुल्या करण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. तेव्हा शहराने १ जानेवारी १९५९ पासून सगळ्या सार्वजनिक बागाच बंद करून टाकल्या. गोऱ्यांच्याही. त्या १९६५ मध्ये उघडल्या. दरम्यानच्या काळात गोऱ्या मुलांच्या पोहण्याचे, खेळांचे, शिबिरांचे काय झाले? ते वायएमसीए या खासगी संस्थेकडे सरकले. तिच्यात आणि शहराच्या उद्यान विभागात आतून वाटणी ठरली होती, कोणते कार्यक्रम कोणी घ्यायचे याची. १९७० मध्ये न्यायालयाने हे उघड केले आणि सार्वजनिक काम करणाऱ्या संस्थेला भेदभाव करता येणार नाही असे बजावले. बारा वर्षे एका शहरातल्या काळ्या मुलांचा उन्हाळा असा गेला, आणि ते करायला एकही नवा कायदा लागला नाही. कार्यक्रमांचे वेळापत्रक आणि माणसे एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात हलवली की पुरले.

आपल्याकडे हे वेगळ्या वेशात येते. मुंबईत मैदाने आणि उद्याने देखभालीसाठी संस्थांना 'दत्तक' देण्याचे धोरण गेली वीसेक वर्षे पुन्हा पुन्हा पुढे येते आणि लोकांच्या विरोधाने मागे जाते. संस्था कधी क्लब असते, कधी नेत्याचा ट्रस्ट. फाटकावरचा माणूस महापालिकेचा राहिला नाही की आत कोणाला सोडायचे हे फाटकच ठरवते. वस्तीतल्या पोरांना 'इथे क्रिकेट नाही' आणि सोसायटीतल्यांना अकादमी, हे दृश्य पाहायला मुंबईला जायचीही गरज नाही.

इथे आम्हाला विनयपिटकाची आठवण होते आणि ती धर्मचर्चा म्हणून नाही. बौद्ध परंपरेत 'आराम' म्हणजेच बाग. वेळुवन ही बिंबिसाराने दिलेली बाग, जेतवन ही अनाथपिंडिकाने घेतलेली बाग. बागा आल्या की त्या राखणारी माणसेही आली. त्यांना पालीत आरामिक म्हणतात. महावग्गात गोष्ट आहे: पिलिंदवच्छ थेर राजगृहाजवळ डोंगराची जागा स्वतः साफ करून घेत होते. बिंबिसाराने आरामिक देऊ केला. थेर म्हणाले, तथागतांची अनुमती नाही. अनुमती आली, राजाने शब्द दिला आणि विसरून गेला. आठवण झाली तेव्हा त्याने किती दिवस झाले ते मोजायला लावले. पाचशे निघाले, म्हणून त्याने पाचशे आरामिक दिले आणि त्यांचे एक गावच वसले. राजाने माणसे 'दिली' हे आजच्या कानाला खटकते. खटकायलाच हवे. नेमणुकीचा आकडा कामावरून न ठरता दिवसांच्या थकबाकीवरून ठरला, हेही आजच्या कोणत्याही उद्यान अधीक्षकाला पटणार नाही.

पण चुल्लवग्गात पुढची पायरी येते आणि ती महत्त्वाची आहे. आरामिक होते, पण त्यांना काम नेमून देणारा कोणी नव्हता, म्हणून काम होत नव्हते. तेव्हा संघाने 'आरामिकपेसक' नेमावा असे ठरले. पेसक म्हणजे माणसे कामावर धाडणारा. आजच्या भाषेत मुकादम म्हणा, उद्यान निरीक्षक म्हणा. त्याच्या पाच पात्रता दिल्या आहेत. तो आवडीनिवडीने वागणारा नसावा, द्वेषाने नसावा, मोहाने नसावा, भयाने नसावा. आणि पाचवी, कोणाला कामावर धाडले व कोणाला नाही याची त्याला माहिती असावी. त्याची नेमणूक संघापुढे ठराव मांडून, कोणाची हरकत आहे का विचारून करायची.

शिंगणापूरच्या यादीला ही पाच मापे लावून पाहा. आरोप खरे असतील तर आपल्या माणसांची नावे कागदावर घालणे हा छंद झाला. एका धर्माचे लोक वेचून काढले असतील तर तो द्वेष. मोर्चाच्या तारखेआधी घाईने पत्रे काढली असतील तर ते भय. मोहाबद्दल आम्ही काय सांगावे, तेलाच्या आणि देणगीच्या पैशाबद्दल सभागृहातच पुरेसे बोलले गेले. आमचा भर पाचव्यावर आहे. कोणाला कुठे धाडले आणि कोणाला नाही, हे नोंदीत असते तर पहिली चार दूषणे एवढी वाढलीच नसती. आणि ही पाचवी पात्रता नैतिक उपदेशाची नाही, हजेरीपटाची आहे.

आता आपल्या शहरांकडे वळू, कारण शिंगणापूरला नावे ठेवणे सोपे आहे.

महापालिकेत किंवा नगरपरिषदेत कोणत्या विभागाला किती मंजूर पदे हे ठरवणाऱ्या कागदाला आकृतिबंध म्हणतात. उद्यान विभागाचा आकृतिबंध मागवून पाहा. अधीक्षक, निरीक्षक, माळी, बिगारी, वॉचमन अशी पदे दिसतील आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्यापुढे 'रिक्त' हा शब्द दिसेल. शहर वाढले, बागा वाढल्या, पदे तेवढीच राहिली. मग ठेकेदार येतो. ठेक्यात 'अमुक इतके मजूर पुरवणे' असे असते आणि ते मजूर कोण, कुठे, किती तास, हे ठेकेदाराच्या मस्टरवर. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मुख्य मालकाने, म्हणजे महापालिकेने, द्यायचा हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे आणि नव्या श्रमसंहितेतही ते टिकले आहे. पण मस्टरवर नावच नसेल तर हक्क कशाच्या जोरावर मागणार? बोगस नावे जिथे खपतात तिथे खरी नावे गहाळही होतात. आपल्या वस्त्यांतल्या किती बायका महापालिकेच्या बागांत तण काढतात आणि एकाही सरकारी कागदावर नसतात, हे वाचकांनी आपल्या घरात विचारावे.

दुसरी गोष्ट याहून जवळची. आपल्या वस्त्यांना गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे मिळाले ते बहुतेक बांधकामाच्या रूपात मिळाले. शहरात लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधारणा योजना, ग्रामीण भागात अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना. त्यातून रस्ते झाले, गटारे झाली, समाजमंदिरे उभी राहिली. पुढे आमदार निधीतून ओपन जिम आली, अभ्यासिकेची खोली आली. उद्घाटनाची पाटी लागली. आमच्यातल्या काहींनी एका शहरातल्या अशा छोट्या बागेच्या पाटीवरची नावे मोजली, अकरा भरली. बागेत पाणी कोण घालतो हे विचारल्यावर समोरच्या चहावाल्याने स्वतःकडे बोट दाखवले.

बांधकामाला निधी असतो, माणसाला नसतो. समाजमंदिराला कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे हे गल्लीत तीन जणांना विचारावे लागते. ओपन जिमच्या सायकलचे पेडल गेलेले असते. यामागे वाईट हेतू शोधायला नको. बांधकाम हा एकदाचा खर्च, त्याला टेंडर असते, त्यात सगळ्यांना रस असतो. पगार हा दर महिन्याचा खर्च, त्यात कोणाला रस? म्हणून आपली मागणीही बांधकामाच्या भाषेत अडकली. आपण हॉल मागतो, पुतळा मागतो, कमान मागतो. तिथे संध्याकाळी सहा वाजता कोण असेल हे मागत नाही.

अभ्यासिकेचे उदाहरण घ्या. स्पर्धा परीक्षेची पोरे सकाळी ६ ते रात्री १० ती उघडी मागतात, आणि योग्यच मागतात. म्हणजे रोज १६ तास, वर्षाला ५,८४० तास. एक कर्मचारी वर्षाला २८३ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २,२६४ तास देतो. भागाकार केला की एका खोलीला अडीचहून थोडी जास्त माणसे लागतात. अर्जात मात्र आपण 'एक शिपाई द्या' असे लिहितो. मंजूर झाला तरी खोली निम्म्याहून अधिक वेळ बंद राहणार हे त्या अर्जातच लिहिलेले असते. मुलींच्या कबड्डीसाठी मैदानाचा संध्याकाळचा एक तास राखायचा तर त्या तासाला प्रशिक्षक बाई हवी, दिवे हवेत, दिवे लावणारा हवा, आणि मैदानातून मुलांच्या टोळक्याला बाहेर काढण्याचा अधिकार असलेला माणूस हवा. 'मुलींसाठी मैदान खुले' हे फलकावर लिहून मुली येत नाहीत. या सगळ्याला नियोजन म्हणतात.

करमणूक ही चैन आहे, आधी पोटाचे पाहा, असे आपल्याच सभांतून ऐकू येते. बाबासाहेबांचे मत तसे नव्हते. गांधीवादावर टीका करताना त्यांनी यंत्रांच्या बाजूने जो युक्तिवाद केला त्याच्या मुळाशी फुरसत होती. माणसाला दिवसभराच्या कष्टातून सुटका मिळाल्याशिवाय त्याला मन आणि संस्कृती घडवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कामाचे तास कमी करण्यासाठी जो आग्रह धरला, त्यातून १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. कामगाराला मिळालेले ते सहा तास कुठे घालवायचे? दोन खोल्यांच्या घरात सात माणसे असतील तर बाग, मैदान आणि वाचनालय हेच त्याचे दिवाणखाने आहेत. बंगल्यातल्या माणसाला सार्वजनिक बाग नसली तरी फरक पडत नाही.

आणि नियोजन झाले की काय होते हे आपण दरवर्षी पाहतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात आणि शिवाजी पार्क काही दिवस गाव होते. मुंबई महापालिका तिथे मंडप, पिण्याच्या पाण्याचे नळ, फिरती शौचालये, वैद्यकीय कक्ष, नियंत्रण कक्ष उभारते. सफाई कामगार पाळ्यांमध्ये नेमले जातात. किती नळ, किती शौचालये, किती कर्मचारी, याचे आकडे आधीच वर्तमानपत्रांत येतात. ते कमी पडले तर ७ तारखेला त्यावर बोलता येते, पुढच्या वर्षी वाढवून मागता येतात. समता सैनिक दलाचे आणि बौद्ध महासभेचे स्वयंसेवक आपली माणसे कुठे उभी करायची हे ठरवतात. उणिवा भरपूर आहेत. पाऊस आला की मंडपाची दैना होते, आणि मैदान झाडणारे बहुतेक आपलेच भाऊबंद असतात, हे तर आपण बोलतही नाही. तरीही एका उद्यानासाठी माणसे, जागा आणि वेळ यांचा जाहीर हिशेब मांडला जातो. तो सरकारच्या कनवाळूपणाने सुरू झालेला नाही. वर्षानुवर्षे मागून, भांडून मिळवलेला आहे. जे आपण तीन दिवसांसाठी मिळवू शकलो ते उरलेल्या ३६२ दिवसांसाठी आपल्या गल्लीतल्या बागेपुरते का मागत नाही?

कसे मागायचे ते थोडक्यात. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४(१)(ख) आहे. त्यानुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या कर्मचाऱ्यांची यादी आणि त्यांचे मासिक वेतन न मागताच जाहीर करायचे असते. बऱ्याच पालिकांच्या संकेतस्थळावर ही यादी जुनी किंवा अर्धी असते. अर्ज करा आणि विभागनिहाय न मागता बागनिहाय मागा: या बागेला मंजूर पदे किती, भरलेली किती, ठेक्यावरची माणसे किती, त्यांची पाळी कोणती, मागच्या तीन महिन्यांचा हजेरीपट. मागताना माळ्याचे नाव उघडे पाडणे हा हेतू ठेवू नका, पद आणि तास पुरेत. आजारी माळ्यावर कारवाई घडवून आणण्यासाठी हे शस्त्र नाही.

देवस्थानांना हा कायदा थेट किती लागू, यावर वाद होऊ शकतो. पण १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांचे हिशेब आणि लेखापरीक्षण धर्मादाय कार्यालयात जाते, मोठ्या संस्थांना अंदाजपत्रकही द्यावे लागते. धर्मादाय कार्यालय हे सार्वजनिक प्राधिकरणच आहे. तिथल्या फायलीत जे आहे ते मागता येते. ८० माळ्यांचा पगार त्या फायलीत वर्षानुवर्षे कोणत्या नावाखाली दाखवला गेला, हा प्रश्न धर्मादाय कार्यालयालाही विचारला पाहिजे.

आणि हा कायदा फक्त देवळांना नाही. आपले विहार, स्मारक समित्या, शिक्षणसंस्था याच कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. विहाराच्या आवारात झाडलोट करणाऱ्या बाईला महिन्याला किती मिळतात, ते हजेरीवर मिळतात की अध्यक्षांच्या मर्जीवर, तिला साप्ताहिक सुट्टी आहे का? शिंगणापूरबद्दल आपण जे विचारतो ते आपल्या समितीच्या वार्षिक सभेत विचारून पाहावे. आम्ही एका ठिकाणी विचारले तेव्हा आधी शांतता झाली, मग कोणीतरी 'ती घरचीच आहे' म्हणाले. घरची असणे हे पद नव्हे, आणि त्याला वेतनश्रेणीही नसते.

महापालिकांची अंदाजपत्रके फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. त्याआधी डिसेंबरात अर्ज गेला तर उत्तर वेळेत हाती येते. मुदत ३० दिवसांची, शुल्क १० रुपये. उत्तर आले की त्याची प्रत घेऊन सकाळी सहाला बागेच्या फाटकावर जायचे, आत कोण कोण आहे ते मोजायचे, आणि जे खरोखर हजर असतील त्यांना चहा विचारायचा. कागदावर नसलेले पण झाडू हातात असलेले कोणी सापडले तर त्यांचे नाव कागदावर कसे चढेल, यासाठी दुसरा अर्ज त्यांच्या बाजूने लिहायचा.